दूरची बातमी आणि जवळचा शेजारी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

माणूस हा समाजशील प्राणी आहे, हे वाक्य आपण अकरावीपासून परीक्षेत लिहीत आलो आहोत. पण भोवताली थोडे लक्षपूर्वक पाहिले तर असे दिसते की, माणूस राहतो एका समाजात आणि दुसऱ्या समाजाविषयी बहुधा नुसते ऐकतो. आपल्या समाजातला वाईट माणूस आपल्याला नावानिशी माहीत असतो. म्हणून त्याच्या वाईटपणाचा दोष आपण त्याला एकट्याला देतो. दुसऱ्या समाजातला वाईट माणूस आपल्या ओळखीचा नसतो. म्हणून त्याचा दोष आपण त्याच्या सबंध समाजाच्या माथी मारतो. गैरसमजाची सुरुवात इथे होते.

पूर्वी हे ऐकणे बाजारच्या दिवशी, पारावर, एस. टी. च्या थांब्यावर किंवा वर्तमानपत्रातून होत असे. आज ते खिशातल्या मोबाईलमधून दिवसरात्र चालू असते. ज्या समाजांमध्ये आधीच स्पर्धा किंवा वैर आहे, त्यांच्या परस्परांविषयीच्या समजुतीवर या बदलाचा काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात नांदेड-लातूर व महाराष्ट्रातील काही घटनांच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, जाणकार नव्हे. पण ज्या घरात शिक्षणाच्या आधी मोबाईल पोहोचला अशा घरातून मी आलो आहे, आणि या विषयावर लिहिण्यास तेवढे कारण मला पुरेसे वाटते.

डोक्यातील चित्रे

वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली लोकमत या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, जग फार मोठे आहे. ते सगळे आपण पाहू शकत नाही. म्हणून आपण जगाचे एक चित्र मनात तयार करतो आणि जगाशी नव्हे तर त्या चित्राशी वागतो. पुढे १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी अफवेचा अभ्यास केला. अफवा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिच्यातले बरेच तपशील गळून पडतात, एखाद-दुसरा तपशील अधिक ठळक होतो आणि उरलेली हकीकत ऐकणाऱ्याच्या आधीच्या समजुतीप्रमाणे वळण घेते, असे त्यांना आढळले.

मोबाईलवरच्या अफवेची तऱ्हा याहून थोडी वेगळी आहे. तोंडी अफवेत शब्द बदलतात. मोबाईलवर चित्र जसेच्या तसे राहते. बदलतात ते त्याचे गाव आणि त्याची तारीख. चित्र खरे असते म्हणून आपण फसतो. 'मी डोळ्यांनी पाहिले' असे माणूस शपथेवर सांगतो, आणि ते खोटेही नसते. त्याने काय पाहिले हे त्याला ठाऊक असते. कुठले आणि केव्हाचे पाहिले हे मात्र ठाऊक नसते.

स्पर्धा म्हणजे वैर नव्हे

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. नांदेड आणि लातूर ही दोन शहरे शेजारी आहेत, पण त्यांची चढाओढ जुनी आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते नांदेडला; लातूरला उपकेंद्र मिळाले. तेव्हापासून लातूरला स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. २००९ मध्ये नवे विभागीय आयुक्तालय नांदेडला करण्याचा निर्णय शासनाने घेतला, तेव्हा लातुरात बंद आणि आंदोलने झाली. 'लातूर पॅटर्न' मोठा की नांदेडचे शिकवणी वर्ग मोठे, यावर आजही वसतिगृहात जेवणे थंड होतात.

यातले हितसंबंध खरे आहेत. कार्यालय एका गावी गेले की दुसऱ्या गावच्या माणसाला एका सहीसाठी दिवस घालवावा लागतो. तरीही या वादापायी नांदेडच्या माणसाने लातूरच्या माणसाचा जीव घेतला, असे कोणी ऐकलेले नाही. याचे कारण उघड आहे. नांदेडची मुलगी लातूरला दिलेली असते, अहमदपूरचा मुलगा नांदेडला शिकत असतो, उदगीरचा व्यापारी दोन्हीकडे माल पाठवतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीची छायाचित्रे देशभर फिरली आणि 'लातूर म्हणजे तहान' असे चित्र दूरच्या माणसाच्या मनात पक्के झाले. नांदेडच्या माणसाच्या मनात ते तसे झाले नाही. त्याला लातूरची पेठ, तिथला डाळीचा व्यापार आणि तिथले पाहुणे माहीत होते. ओळखीचे दहा तपशील असले की अकरावा तपशील कितीही भडक असो, तो चित्र बिघडवू शकत नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, दोन समाजांत स्पर्धा असणे हे तितकेसे धोक्याचे नाही. एकमेकांविषयी फक्त एकच तपशील माहीत असणे, आणि तोही मोबाईलने पुरवलेला असणे, हे धोक्याचे आहे.

राईनपाडा

ओळखीचा एकही तपशील नसेल तर काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे दिसले. तो बाजारचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली होती. ती मंगळवेढ्याकडची. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. एका लहान मुलीशी कोणी बोलले, एवढे निमित्त झाले. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले.

त्या वर्षी मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती देशभर फिरल्या, त्यांपैकी एक मूळची पाकिस्तानातील कराचीची होती. मुलांची काळजी घ्या, हे सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जाहिरात होती. जाहिरातीच्या शेवटी मोटारसायकलवरची माणसे मुलाला परत आणून सोडतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. कराचीतल्या आईबापांना सावध करण्यासाठी केलेली फीत आपल्याकडे येऊन माणसांच्या जिवावर उठली.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम आला. याने वेग कमी होतो, हे मान्य. पण पाठवणारी बोटे माणसाचीच असतात. अमेरिकेतील तीन संशोधकांनी ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे सव्वा लाख बातम्या तपासून २०१८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि त्याचे मुख्य कारण यंत्रे नव्हती, माणसे होती. खोटी बातमी नवलाची असते. नवल सांगायला कोणाला आवडत नाही?

कुमिल्ला ते नांदेड

आता नांदेडची घटना पाहू. १२ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. त्रिपुरात मुसलमानांवर झालेल्या हल्ल्यांच्या निषेधार्थ त्या दिवशी राज्यात काही ठिकाणी बंद पुकारला होता. अमरावती, मालेगाव आणि नांदेड येथे त्याला हिंसक वळण लागले. दगडफेक झाली, दुकानांचे व वाहनांचे नुकसान झाले, पोलीस जखमी झाले. दुसऱ्या दिवशी अमरावतीत त्याच्या निषेधाचा बंद झाला आणि त्यातही जाळपोळ झाली. संचारबंदी लावावी लागली, इंटरनेट बंद ठेवावे लागले.

नांदेडहून त्रिपुरा सरळ रेषेतसुद्धा सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. मग त्रिपुरातले भांडण इथवर आले कसे? त्याचा माग काढला तर आपण त्रिपुराच्याही पलीकडे, बांगलादेशात जाऊन पोहोचतो. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी दुर्गापूजेत कुमिल्ला शहरातील एका मंडपात कुराणाची प्रत ठेवलेली आढळली. त्याचे चित्रण फेसबुकवरून पसरले आणि अनेक जिल्ह्यांत हिंदूंचे मंडप, मंदिरे व घरे यांवर हल्ले झाले. पुढे कॅमेऱ्यातील चित्रणावरून पोलिसांनी शोधून काढले की, ती प्रत मंडपाशी संबंध नसलेल्या एका स्थानिक माणसाने जवळच्या मशिदीतून आणून ठेवली होती. तोवर जळायचे ते जळून गेले होते.

त्रिपुरा तिन्ही बाजूंनी बांगलादेशाने वेढलेले आहे. तिथे या हल्ल्यांच्या निषेधाचे मोर्चे निघाले आणि २६ ऑक्टोबरला पाणिसागर भागातील मोर्चाच्या वेळी मुसलमानांची घरे व दुकाने यांवर हल्ले झाले. बांगलादेशातील हिंदूंवर झालेल्या अन्यायाचा राग त्रिपुरातील मुसलमान दुकानदारावर निघाला. त्याचा त्या अन्यायाशी काय संबंध होता?

त्यानंतर त्रिपुराची म्हणून अनेक चित्रे देशभर फिरली. त्यांत काही खरी होती, काही दुसरीकडची होती. जळलेल्या ग्रंथांचे एक चित्र दिल्लीतील रोहिंग्या निर्वासितांच्या वस्तीला जून २०२१ मध्ये लागलेल्या आगीचे निघाले. गोमती जिल्ह्यातील एका मशिदीची नासधूस झाल्याच्या बातम्या खोट्या आहेत, असे केंद्रीय गृहमंत्रालयाने १३ नोव्हेंबरला जाहीर केले. पण तो खुलासा नांदेडच्या दगडफेकीनंतर एक दिवसाने आला. इथेही दगड लागला तो ज्याने त्रिपुरा नकाशातसुद्धा शोधला नसेल, अशा माणसाच्या दुकानाला.

या साखळीत प्रत्येक ठिकाणी काहीतरी खरे होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बांगलादेशात हिंदूंवर हल्ले झाले, हे खरे. त्रिपुरात मुसलमानांची दुकाने जळाली, हेही खरे. सगळेच खोटे असते तर काम सोपे होते. पण खऱ्यात खोटे मिसळले की दोन्ही बाजूंना आपले तेवढे खरे आणि समोरच्याचे तेवढे खोटे वाटू लागते. आणि प्रत्येक ठिकाणी एकच अदलाबदल झाली : दूरच्या माणसाचा गुन्हा जवळच्या माणसाच्या नावावर चढला. समाजमाध्यमाने केलेली सर्वांत मोठी हानी मला हीच वाटते. ते दूरचे जवळ आणते म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण त्याच वेळी ते जवळच्याला दूरचा करून टाकते.

आमच्या घरातील मोबाईल

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर सुरू झाले. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर वडिलांनी आमच्या घरातला पहिला मोठा मोबाईल घेतला, तो माझ्या शाळेसाठी. आमच्या घरी वर्तमानपत्र कधी येत नव्हते. घरात छापील म्हणजे माझी शाळेची पुस्तके, आजीचा हरिपाठ आणि भिंतीवरचे कॅलेंडर. अशा घरात मोबाईल आला तो शाळा म्हणून आला. त्यामुळे त्यातून जे येई ते गुरुजींनीच पाठवल्यासारखे खरे वाटे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वर्तमानपत्रे येतात, तिथे दोन वर्तमानपत्रे दोन तऱ्हेची बातमी देतात हे लहानपणीच कळत असावे. आम्हाला ते कळायला अवधी लागणार होता, आणि मोबाईल तेवढा थांबायला तयार नव्हता.

त्या नोव्हेंबरात आमच्या गावीही अशा चित्रफिती आल्या. शेजारच्या एका मुलाने एक फीत माझ्या आजीला दाखवली. आजी कधी शाळेत गेली नाही. ती म्हणाली, "हे कोणतं गाव हाय रे?" त्याला सांगता आले नाही. "तुला कोण सांगितलं?" तेही सांगता आले नाही. "मग मला कशाला दाखवायलास?" असे म्हणून ती तांदूळ निवडू लागली. गावात मयताची किंवा मोडलेल्या सोयरिकीची बातमी आली तरी ती हेच विचारते. गाव कोणते, सांगितले कोणी, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का. पुढे महाविद्यालयात इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा हा भाग शिकवला गेला, तेव्हा ही चिकित्सा आमच्या घरात आधीपासून होती हे माझ्या लक्षात आले. ती मोबाईलला लावायची तेवढी राहिली होती.

ओळख पुरेशी आहे काय?

इथे कोणी आक्षेप घेईल की, ओळख असली म्हणजे वैर होत नाही हे खरे नाही. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्हा त्यात पुढे होता. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे याच जिल्ह्यातले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. तेव्हा मोबाईल नव्हता. मारणारे आणि मरणारे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते.

याचे उत्तर ऑलपोर्टच्याच १९५४ च्या पूर्वग्रहावरील ग्रंथात सापडते. दोन गट नुसते जवळ आल्याने पूर्वग्रह जात नाही. ते समान दर्जाने जवळ यावे लागतात आणि दोघांचे उद्दिष्ट एक असावे लागते, असे तो सांगतो. गावात ओळख होती, पण ती मालक आणि सालगड्याची, गाव आणि गावकुसाबाहेरची होती. बरोबरीची नव्हती. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांचा अभ्यास करून २००२ मध्ये असाच मुद्दा मांडला. ज्या शहरांत हिंदू व मुसलमान व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनमंडळे अशा संस्थांत एकत्र काम करतात, तिथे अफवा आली तरी दंगल सहसा पेटत नाही. कारण खरे-खोटे विचारायला दुसऱ्या बाजूचा माणूस हाताशी असतो.

आपल्या वर्गातील प्रश्न

हे सगळे लिहिण्याचे कारण जुने नाही, आजचे आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटला. ओबीसी समाजातही आपले आरक्षण जाईल ही भीती पसरली. दोन्ही बाजूंचे प्रश्न खरे आहेत : शेती परवडत नाही, नोकऱ्या थोड्या आहेत, शुल्क भरणे कठीण आहे. पण वसतिगृहातील एकाच खोलीत दोन मोबाईल दोन निराळी जगे दाखवतात. एकात दुसऱ्या बाजूचा सर्वांत शिवराळ वक्ता, दुसऱ्यात पहिल्या बाजूचा. शांतपणे बोलणाऱ्याची फीत कोणी पुढे पाठवत नाही.

मी दोन्ही बाजूंच्या मित्रांशी निरनिराळे बोललो. दोघांकडून मला जवळजवळ एकच वाक्य ऐकू आले : "आमच्या मनात काही नाही रे, पण त्यांच्या मनात आहे." दोघेही खरे बोलत होते असे धरले, तर कोणाच्याच मनात काही नाही. ते दोघे सकाळी एकाच बाकावर बसतात. पण दुसऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला विचारण्याऐवजी मोबाईलला विचारतात. आपण समोरच्याचा द्वेष करतो यापेक्षा समोरचा आपला द्वेष करतो ही समजूत अधिक घातक आहे. कारण द्वेष करणारा माणूस एखादे वेळी लाजतो. भ्यालेला माणूस लाजत नाही.

आपण काय करू शकतो

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, कोणतीही फीत आली की तीन प्रश्न विचारावेत : गाव कोणते, तारीख कोणती, सांगणारा कोण. एकाचेही उत्तर मिळाले नाही तर ती आपल्यापाशी थांबवावी. दुसरी, आपल्या महाविद्यालयात राज्यशास्त्र व इतिहास विभागांनी मिळून एक फलक ठेवावा. भागात फिरणाऱ्या संशयास्पद बातम्यांचा शोध विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या समाजांच्या जोड्या करून घ्यावा आणि निष्कर्ष त्यावर लावावा. तिसरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गट पाडताना गावनिहाय किंवा मैत्रीनिहाय न पाडता मिसळून पाडावेत. बंधारा घालताना एकमेकांच्या हाती दगड द्यावा लागतो. तो एकमेकांवर फेकण्याची सवय त्याने लागत नाही.

या गोष्टी लहान आहेत, याची मला जाणीव आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरातून महाविद्यालयात येणारे आपण पहिले आहोत. आपल्या आजोबांना गावातल्या सगळ्या समाजांची माणसे माहीत होती, पण त्या सगळ्यांबरोबर एका बाकावर बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपल्याला तो बाक मिळाला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन आपण आपापल्या गावी परत जाऊ. तेव्हा एखादी भडक बातमी आली, तर खरे काय ते विचारायला दुसऱ्या समाजातल्या निदान एका मित्राचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये असावा, आणि रात्री-अपरात्री त्याला फोन करण्याइतकी त्याच्याशी ओळख असावी. त्या ओळखीची तयारी याच तीन वर्षांत करावी लागेल.